मेंढ्याचं गरम कातडं

कपारबेकची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. शहरात जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यायला त्याने साफ नकार दिला. "जन्मभर घोड्यावरून बोकडाचं धड पळवायच्या खेळात माणसं लोळवली, आता नळ्यांना बांधून घेऊ?" असं तो म्हणे. पण हाडांतली कळ त्याला लोळवत होती. कळ थांबवणाऱ्या गोळ्या घेतल्या की त्या अंगातच साठत आणि हातपाय झटके देऊ लागत. म्हणून नर्सबाईंनी त्याच्या खांद्यावर औषधाची पट्टी चिकटवली आणि मुलीला, बुरुलला, बजावलं, "या पट्टीला ऊब लागू देऊ नकोस. उबेने औषध भराभर अंगात उतरतं."

कपारबेक शांत झोपू लागला.

मग थोरला मुलगा शाइलो वरच्या कुरणातून उतरला. बापाचा सुकलेला चेहरा पाहून तो तसाच बाहेर वळला. दारातच त्याने मेंढा आडवा पाडला, गळा चिरला, कातडं ओढून काढलं आणि वाफाळत्या कातड्यात बापाला गुंडाळून वरून दोर आवळला. त्यांच्या घरात दुखणं असंच काढत.

घोडीचं दूध काढून बुरुल आत आली.

"दादा, सोड त्यांना. खांद्यावर पट्टी आहे."

"चिकटपट्टीने कुणी बरं झालंय? बघ, कसे घोरतायत."

घोरणं तुटक होतं. मध्येच थांबे. बुरुलने रक्ताळलेली सुरी उचलली आणि दोराला लावली. शाइलोचा चाबूक तिच्या मनगटावर बसला. तिने सुरी सोडली नाही. त्याने तिला शेगडीवर ढकललं. धुराडं कोसळलं, तिचा ओठ फुटला. ती उठून पुन्हा धावली आणि सुरी अडवताना त्याचा तळहात चिरला गेला.

"बापावर सुरी उगारतेस, सटवे?"

"मारतोयस तू. गप्प बस आणि ऐक."

शाइलोने कान दिला. घोरणं थांबलं होतं.

त्याने सुरी हिसकावून घेतली आणि स्वतःच दोर कापला, कातडं उलगडलं. बुरुलने पट्टी उपटली, खांदा गार पाण्याने पुसला आणि नर्सबाईंना फोन लावला. "हलवा, हाका मारा, झोपू देऊ नका," त्या म्हणाल्या. शाइलो बापाच्या थोबाडीत मारत ओरडत राहिला. मधूनच एखादा श्वास येई.

नर्सबाई धापा टाकत आल्या आणि त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन टोचलं. "वाचतील," त्या म्हणाल्या, "पण आता कळ सगळी परत येणार. नवी पट्टी इतक्यात लावता येणार नाही. धरून बसा."

कपारबेकने डोळे उघडले आणि तो गुरासारखा हंबरला.

"कुणी उठवलं मला?"

"मी," शाइलो म्हणाला.

म्हाताऱ्याने सगळा जीव गोळा करून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग कळ पुन्हा उसळली तशी त्याने मुलाचा हातच दातांत धरला. रक्त आलं, तरी शाइलोने हात मागे घेतला नाही. बुरुल बापाच्या मागे बसून त्याचे खांदे धरून होती.

बऱ्याच वेळाने जबडा सैल झाला.

"हा हात झाला, बाबा," शाइलो म्हणाला आणि दुसरा पुढे केला. "आता हा घ्या."