जमादारचं पथ्य

रुपचंद नानांना कुठलीही वस्तू बंद पडली की आतून आनंद व्हायचा. ते कबूल करत नसत, पण शेजाऱ्यांचा पंखा कुरकुरू लागला की नाना बोलावण्याची वाट न बघता पाना घेऊन हजर. उभा जन्म एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेला, त्यामुळे बिघाड हुडकण्याची खोड निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ या खोडीपायीच कायमचं गप्प झालं होतं. त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, ते मुद्दाम तसंच लटकत ठेवलं होतं. नवरा फार शहाणपणा करायला लागला की त्या काही बोलत नसत, नुसत्या भिंतीकडे बघत.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद सालचा उन्हाळा असेल. त्या उन्हाळ्यात जमादार बिघडला, आणि नानांना अजिबात आनंद झाला नाही.

जमादार हा त्यांचा कुत्रा. वर्कशॉपमागच्या टायरांच्या ढिगात सापडलेलं पिल्लू नानांनी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं, तेव्हा पुष्पाबाईंनी दोघांनाही ओट्यावरच बसवून ठेवलं होतं. पुढे मुलगी लग्न होऊन धुळ्याला गेली, घर खायला उठलं, आणि पिल्लू हळूहळू ओट्यावरून आत सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलं. आल्या-गेल्याला हुंगून, तपासून मगच आत सोडायचं म्हणून त्याचं नाव जमादार पडलं. बाकी गुणी जनावर. फक्त रोज सकाळी नानांच्या लुनाच्या मागच्या चाकावर पाय वर केल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. नाना चप्पल घेऊन धावत, तो गल्लीच्या टोकापर्यंत पळे, आणि मग दोघंही चहाला परत येत.

एका सकाळी चप्पल हातातच राहिली. जमादार चाकापाशी पाय वर करून उभा होता आणि उभाच होता. अंग थरथरत होतं. शेवटी थोडे थेंब पडले, तेही लालसर. नानांनी चप्पल टाकली, त्याला उचललं आणि तडक दवाखाना गाठला.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, साताऱ्याकडचे, बदली होऊन नुकतेच जळगावात आलेले. त्यांनी जमादारचं पोट दाबून पाहिलं, काचेच्या नळीतली लघवी उजेडाकडे धरली. तळाशी बारीक रेती बसली होती.

"आत्ता नुसती रेती आहे," ते म्हणाले. "तिचा खडा होऊन वाट अडली तर कुत्रं वाचणं कठीण. ऑपरेशनला मुंबईला न्यावं लागतं. नाहीतर तिकडे कोणी कोणी याच्यासाठी परदेशी डबाबंद खाणं मागवतात."

डब्याची किंमत ऐकून नानांना हसू आलं. "साहेब, तेवढ्यात आमची अख्खी गल्ली जेवेल."

"मग पथ्य करा. मीठ बंद म्हणजे बंद. शेव, पापड, मटणाची हाडं काही नको. साधी भाकरी भरपूर पाण्यात कुस्करायची, वर थोडं ताक, कधीमधी उकडलेलं अंडं. पाणी जेवणातूनच पोटात गेलं पाहिजे. आणि सारखं बाहेर सोडा, तुंबू देऊ नका." त्यांनी वर गोळ्या लिहून दिल्या.

पुष्पाबाईंनी हे पथ्य व्रतासारखं धरलं. जमादारचं पातेलं वेगळं झालं. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. रोज गरम भाकरी निवली की त्या पाण्यात कुस्करून, ताक घालून, हाताने कालवून त्याच्यापुढे ठेवत आणि तो खाईपर्यंत शेजारी बसत. नाना दाराशी येऊन रोज विचारत, "मीठ नही ना टाकं?"

"नही टाकं," पुष्पाबाई सांगत. सुरुवातीला सरळ सांगत, नंतर नंतर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून.

गोळ्या होत्या तोवर लाली गेली. गोळ्या संपल्या तशी ती परत आली. डॉक्टरांनी पुन्हा नळी उजेडाकडे धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मीठ खरंच बंद आहे ना, नाना?"

हा प्रश्न नानांना लागला. पण त्याहून जास्त त्यांना एका गोष्टीने छळलं. जमादार तो पातळ काला खाऊन झाला की पाण्याचं घमेलं तळापर्यंत चाटून काढायचा. पाणी पितोय ते बरंच आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. पण जेवणातच एवढं पाणी असताना इतकी तहान कशाची? गाडी सारखी पाणी मागते तेव्हा कुठेतरी काहीतरी तापत असतं, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. कोणीतरी याला बाहेर खारट खाऊ घालतंय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

मग त्यांनी पाळत सुरू केली. भर दुपारी, डोक्याला उपरणं गुंडाळून, जळगावच्या उन्हात हा माणूस कुत्र्यामागे पिंप्राळाभर हिंडला. जमादार कडुनिंबाखाली थांबला की नाना विजेच्या खांबाआड. खांब केवढा, नाना केवढे! जमादारने त्यांना कधीच ओळखलं होतं. नाना मागे पडले की तो रस्त्याच्या कडेला बसून त्यांची वाट बघायचा. त्याने कुठल्या दारात तोंड घातलं नाही, कोणी त्याला काही टाकलं नाही. कोपऱ्यावरच्या शेव-चिवड्याच्या दुकानासमोर तो घुटमळला, तेव्हा नाना एकदम पुढे झाले आणि त्यांनी दुकानदार उखर्डूलाच धरलं.

"नाना, काय इचारतस तुमी?" उखर्डू झारा हातात धरून म्हणाला. "पुष्पाअक्कानी बठ्ठी गल्लीले सांगी ठेयेल शे. माले तं देवनी आन घालेल शे. त्याले कोनी घास देत नही."

नाना घरी परतले ते मान खाली घालून. बाहेर कोणी नाही, म्हणजे उरलं घर. आणि घरात कोण होतं? त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण शंका काही हटेना. पुष्पाबाईंचा जीव त्या कुत्र्यात किती गुंतलाय हे त्यांना दिसत होतं. त्याने उंबऱ्यावर हनुवटी टेकवून वर पाहिलं की दगडालाही पाझर फुटावा. दिला असेल एखादा पापडाचा तुकडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पाबाई स्वयंपाकघरात आल्या, तर नाना चष्मा लावून जमादारच्या पातेल्यात डोकं घालून बसलेले.

"काय धुंडी ऱ्हायनात?"

नाना चपापले. मग सरळच बोलून गेले. "पुष्पा, तू चोरीन काही देस का त्याले? मया येस म्हनीसन?"

पुष्पाबाईंचे डोळे भरून आले आणि आवाज चढला. "मनावर आळ? त्यानासाठे मी रात-दिन एक करस, आनि मीच त्याले मारसू?" त्यांनी टोपलीतली जमादारची भाकरी काढली, तिचा तुकडा मोडला आणि नानांच्या हातात कोंबला. "ल्या. चाखा. मीठ सापडनं तं माले सांगा."

नानांनी तुकडा तोंडात टाकला. ही भाकरी ते जन्मभर खात आले होते, पण कधी ठेच्याबरोबर, कधी भरताबरोबर, कधी तेल-चटणी लावून. कोरडी, नुसती अशी कधी खाल्लीच नव्हती. आधी ज्वारी लागली, मग उडदाचा वास आला. मग जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी हळूच जागं झालं. ते चावत राहिले.

"पुष्पा," ते शेवटी म्हणाले, "तू बी चाख."

पुष्पाबाईंनी रागाने तुकडा तोंडात टाकला. चावता चावता त्यांचा राग उतरला आणि चेहरा पांढरा पडला. त्या जमादारच्या पातेल्यापाशी खाली बसल्या.

"ओ माय... कळनं शे ना हाई. मीठ तं दळनमाच ऱ्हास."

खानदेशात कळण्याची भाकरी अशीच होते. ज्वारी, सालीसकट काळे उडीद आणि मुठीने खडेमीठ एकाच डब्यात भरून गिरणीवर जातं, आणि तिघांचं मिळून पीठ होऊन येतं. पीठ मळताना मग कोणी मीठ टाकत नाही. शिंदखेड्याला पुष्पाबाईंची आई असंच करायची, पुष्पाबाईही तसंच करत आल्या होत्या. नानांनी रोज विचारलं ते भाकरी करताना, त्यांनी रोज सांगितलं तेही भाकरी करतानाचं, आणि दोघांचंही खरं होतं. डॉक्टर साधी भाकरी म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे साताऱ्याची नुसत्या ज्वारीची होती. इथे घरात साधी भाकरी म्हणजे हीच.

"मनाच हातखाल," पुष्पाबाई स्वतःच्या हातांकडे बघून रडत म्हणाल्या. "आजारी शे म्हनीसन दोन घास जास्तीच घालू मी त्याले."

वर्कशॉपमध्ये बिघाड सापडला की नाना अशी आरोळी ठोकत की पार डेपोत ऐकू जावी. आज बिघाड सापडला होता आणि त्यांना नुसतं वाईट वाटत होतं. ते बायकोजवळ फरशीवर बसले. "मी इतला वरीस तेच खाई ऱ्हायनू, माले तरी कोठे समजनं? तुनावर आळ घेवाले नको व्हता मी." जमादार उंबऱ्यावरून दोघांकडे बघत होता. त्याला उरलेल्या भाकरीची चिंता.

सकाळी नाना स्वतः डबा घेऊन कौतिकच्या गिरणीवर गेले. नुसती ज्वारी. दगडात कोणाच्या कळण्याचं पीठ राहिलेलं असू नये म्हणून गिरणी उघडायच्या आधीच दारात उभे. कौतिकने दगड झाडून दिले. तेवढ्यातही नानांना दगडाच्या आत डोकावून बघायचं होतंच, पण पुष्पाबाईंनी पाना घरीच काढून घेतला होता. रांगेतल्या बायका हसल्या. "नाना, कोना उपास शे?"

"जमादारना," नाना म्हणाले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून पुढे वाकले. "पिठातच मीठ? दळताना? आणि वर उडीद?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं, आणि मग ही भाकरी खायला कुठे मिळेल तेही विचारलं. नाना निघाले तेव्हा मात्र ते गंभीर झाले. "उडीदही बंद करा. पण नाना, मधल्या काळात खडा धरला असेल तर पिठाने काही होणार नाही. वाट बघायची."

वाट बघण्याचे ते दिवस फार वाईट गेले. जमादारने नुसत्या ज्वारीच्या भाकरीला आधी नाक मुरडलं. पुष्पाबाईंनी घरातलं कळणं शेजारी देऊन टाकलं, कारण त्याच्यासमोर ते खायचं कसं? मग नानाही मुकाट्याने तीच पांढरी भाकरी खाऊ लागले. जमादार दर थोड्या वेळाने बाहेर जाई, पाय वर करी, आणि नाना ओट्यावरून बघत. कधी थेंब, कधी तेही नाही. पुष्पाबाई दारातूनच विचारत, "व्हयनं?" नाना नकाराची मान हलवत. पण हळूहळू घमेल्यात पाणी उरायला लागलं, हे नानांच्या लक्षात आलं होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

एका सकाळी नाना सवयीने चप्पल घेऊनच बाहेर आले. जमादार लुनाच्या मागच्या चाकापाशी होता. पाय वर गेला. नाना होते तिथेच थांबले. आणि मग चाकावर धार लागली. स्वच्छ, जोरदार, तारांवरून खळखळत खाली मातीत जाणारी, आणि थांबायचं नावच नाही.

मागे पुष्पाबाई केरसुणी हातात घेऊन उभ्या होत्या. "हालू नका," त्या कुजबुजल्या. "व्हऊ द्या त्याले."

नाना हलले नाहीत. त्यांना समोरचं नीट दिसतही नव्हतं.

धार संपली. जमादारने पाय खाली घेतला, चाक हुंगलं, आणि नानांकडे वळून पाहिलं. त्यांच्या हातात चप्पल होती आणि ते धावत नव्हते. त्याला हे काही केल्या कळेना. तो शेपूट हलवत, वाट बघत तसाच उभा राहिला.

तेव्हा नानांनी चप्पल उगारली, आणि बाहीने डोळे पुसत त्याच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत धावले.