कस्तुराबाईचं ताट

राजेश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सासऱ्याला कॅन्सर झालेला, त्यांची अन्नावरची वासना उडालेली, आणि पोखर्णीतली जी ती बाई भेटायला येऊन राजेश्रीच्याच स्वयंपाकाला नावं ठेवत होती!

आज सरजाबाई आली होती. सासऱ्याची, बन्सीधररावांची चुलत बहीण, जिभेला हाड नाही.

"दादा निस्ता सांगाडा झालाय. सुनंच्या हाताला चव न्हाई, दुसरं काय!"

"आत्या, डॉक्टर काय म्हणले ते तरी ऐका. पोटात एक हार्मोन तयार होतंय, ते मेंदूला भूक लागल्याचं सांगतंय. ह्या आजारात मेंदू त्याचं ऐकंना झालाय. त्या हार्मोनसारखं काम करणारं औषध निघालंय, पर ते परदेशात. आपल्याकडं न्हाई अजून."

"म्हंजे भूक आता मेडिकलात मिळनार?" सरजाबाई हसली.

"मिळत असती तर पहिली मीच आनली असती!"

औषध जगात आहे आणि आपल्या माणसाला मिळत नाही, हा संताप काय कमी होता? पण राजेश्रीला त्याहून जास्त जाळत होती सासू. कस्तुराबाईनं जन्मात कधी नवऱ्याआधी घास घेतला नव्हता. ते जेवून उठले की त्यांच्याच ताटात ती वाढून घ्यायची. आता ते ताट तसंच भरलेलं परत यायचं आणि ही बाई पाणी पिऊन पडून राहायची. सकाळीच गोठ्यात चक्कर येऊन पडली होती.

राजेश्रीनं भाकरी-पिठलं वाढलं. सासऱ्यापुढं न ठेवता ताट सासूपुढं ठेवलं.

"अगं बया! नवरा उपाशी आन् बायकोनं जेवायचं?" सरजाबाई कडाडली. कस्तुराबाईनं लगेच ताट मागं सारलं.

"मामी, मामांला भूकच लागंना," राजेश्रीचा सासूवर आवाज चढला. "तुमाला लागती, आन् तुमी ती दाबून मरायलात! घरात एक आजारी बस न्हाई का?"

बाजेवरचे बन्सीधरराव भिंतीला धरून उठून बसले. ताट त्यांनी जवळ ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि बायकोच्या तोंडाशी नेला.

"सरजे, माझी भूक रोगानं मारली. हिची तुमी मारायलात."

कस्तुराबाईनं तोंड उघडलं. मग रडत रडत, घाईघाईनं ती जेवत राहिली. सरजाबाईला तिच्याकडं बघवेना.

ताट रिकामं झालं तसे बन्सीधरराव सुनेकडं वळले.

"राजेश्री, हिला अजून एक भाकरी आन."

कैक दिवसांनी त्यांनी भाकरी मागितली होती.