धोंडीरामने न पाहिलेला फ्लोट

मित्रांनो, मी बासष्ट सालच्या फियाटचा जुना कार्बुरेटर आहे. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवायचं, हे माझं काम. माझ्या पोटात फ्लोट नावाचा पितळेचा पोकळ डबा तरंगतो. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येऊन वाट बंद करतो. एवढ्याशा डब्यावर माझी सगळी अब्रू.

नाशिकला निवृत्ती टॅक्सीवाल्याकडे मी पंधरा वर्षं राबलो. बिघडलो की त्याचा मित्र धोंडीराम मिस्त्री मला खोलायचा. फ्लोट गरम पाण्यात बुडवून तो टक लावून बघत बसायचा. बुडबुडा आला की भोक आहे समजायचं. त्याच्या हातून नवा होऊन निघालो की मला कोण मिजास यायची.

ब्याऐंशी साली निवृत्तीच्या मुलीला, मालनला, सटाण्याच्या शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. जागा एकच. मी तेव्हा आचके देत होतो.

"नाना, मी एसटीनं जाते," मालन म्हणाली.

"घरची गाडी असताना? काहीतरीच तुझं," निवृत्ती म्हणाला.

आदल्या दुपारी त्याने मला धोंडीरामपुढे ठेवलं. "धोंडू, संध्याकाळपर्यंत दे बाबा. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

धोंडीरामला मित्राला नाही म्हणता येईना. त्याने जोडात नवं गॅस्केट घातलं, मला रॉकेलने घासून लख्ख केलं. गरम पाणी मात्र राहून गेलं. फ्लोटला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. मला कळत होतं, पण मला कुठली वाचा.

पहाटे मी झोकात निघालो. वाटेत देवळा गावाच्या अलीकडे फ्लोटमध्ये पेट्रोल भरलं, तो बुडाला, मी भरून वाहिलो आणि इंजिन गपकन बंद पडलं. निवृत्ती घामाघूम झाला, पण गाडी हलेना. शेवटी कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून मालन साडेबाराला शाळेत पोहोचली. मुलाखती संपल्या होत्या. जागा भरली होती.

नाशिकला आल्यावर धोंडीरामने फ्लोट कानाशी हलवला. आत पेट्रोल डुचमळलं. तसाच तेलकट हातांनी तो निवृत्तीच्या घरी गेला.

"पोरी, नशिबाला बोल लावू नकोस. चूक माझी आहे. मी बघितलं नाही."

मालन म्हणाली, "काका, घाई नानांनी केली. पण 'नाही' तुम्ही म्हणायचं होतं."

नव्या फ्लोटवर मी पुढे सहा वर्षं चाललो, एकदाही अडलो नाही. त्याचं मला आता काडीचं कौतुक नाही. मित्रांनो, दुरुस्तीला वेळ लागत असेल तर लागू द्या. ज्या दिवशी मी चालायला हवा होतो, त्या दिवशी मी नुसता चमकत होतो.