एक खांदा, दोन नावं

विमा दवाखान्याच्या खिडकीतल्या बाबूने दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “हड्डी शरदिनी की टूटी है, कार्ड बकुल का है. आप कौन हैं?”

“दोनों,” बकुळ म्हणाली.

“एक औरत में दो-दो औरतें?”

मागे रांगेत कोणीतरी फिदीफिदी हसलं. बकुळने वळून पाहिलं तसं हसणं बंद झालं.

खरं तर बाबूच्या प्रश्नाचं उत्तर मराठी घरातलं शेंबडं पोरही देईल. लग्नात नवरा ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, सगळे पेढे खातात आणि बाईचं जुनं नाव माहेरीच राहून जातं. बनारसच्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गंगेचं पाणी प्यायलं, सकाळची कचौडी-जलेबी अंगी लावून घेतली, पण ही चाल काही सोडली नाही. बाबूच्या गावी बाई लग्नानंतर फार तर ‘देवी’ व्हायची. सबंध नावच बदलतं हे त्याच्या डोक्यात शिरेना आणि त्याला ते शिरू द्यायचंही नव्हतं.

बकुळ गणेश पुणतांबेकर ही संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या छापखान्यात एकोणीसशे सत्तर साली शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागली. तेव्हाच तिचं सरकारी विम्याचं कार्ड निघालं. पुढे पाच वर्षांनी पाठशाळेतल्या वासुदेव आठल्यांशी लग्न होऊन ती घरात शरदिनी झाली, पण छापखान्यात बकुळ ती बकुळच राहिली. अठरा वर्षं दोन्ही नावं गुण्यागोविंदाने नांदली. यंदा आश्विनात पूर ओसरल्यावर अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर गाळ साचला होता. त्यावरून तिचा पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला. मोठ्या इस्पितळात नेताना वासुदेवाची अशी घाबरगुंडी उडाली की नाव विचारताच त्याने घरातलं नाव सांगून टाकलं. झालं! विम्याचे हप्ते बकुळचे आणि मोडलेलं हाड शरदिनीचं.

सहा आठवड्यांनी गळ्यातली झोळी सुटली, पण हात छातीच्या वर जाईना. स्वयंपाक डाव्या हाताने ढकलता येतो, वेणीही कोणी घालून देतं. खिळ्यांचं तसं नाही. जुळाऱ्याच्या समोर लाकडी खणांची मोठी केस उभी असते, रोजची अक्षरं हाताशी आणि अवघड जोडाक्षरं सगळ्यांत वर. हिंदी पत्रक असतं तर निभावलं असतं. संस्कृतात मात्र ओळीगणिक हात वर न्यावा लागतो.

छापखान्याचे मालक दिनानाथ बाबू कडक नव्हते, त्यामुळेच त्यांच्याशी भांडणं कठीण होतं. “संक्रांतीपर्यंत वरचा खण गाठा, बहनजी,” ते म्हणाले. “नाही जमलं तर बाइंडिंगमध्ये पानं दुमडायला बसा. कामावरून काढत नाही मी.” पानं दुमडायला! जिने भल्याभल्या शास्त्र्यांच्या कॉपीतल्या, म्हणजे हस्तलिखितातल्या, चुका कानाला धरून दाखवल्या, तिने पानं दुमडायची. बकुळला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दवाखान्याच्या डॉक्टरने ‘फिजिओथेरपी’ असं लिहून दिलं आणि कानपूरच्या इस्पितळाचं नाव घातलं. रोज कानपूरला जायला ती काय मालगाडी होती? तिने गावातल्या माणसांची यादी मागितली. यादी कपाटात, कपाटाची चावी साहेबांकडे आणि साहेब लखनौला. ती तीन दिवस बाकावर ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे यादी निघाली. चार नावं होती. पहिल्याच्या जागी साड्यांना फॉल लावायचं दुकान निघालं. दुसरा कार्डवाल्यांना फक्त मंगळवारी बघायचा, तेही जिन्यात बसवून, आणि पुढचे सहा मंगळवार भरलेले होते. तिसऱ्याने कार्ड बघूनच हात जोडले. चौथं नाव रामनगरचं होतं.

मग टेम्पोने सामनेघाट आणि तिथून नावेने गंगेपलीकडे. रामनगरच्या बाजारात पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या आणि त्यांत गीता श्रीवास्तव, तिशीची, मनगटं सुतारासारखी. तिने बकुळचा खांदा चाचपला, हात वर नेऊन पाहिला, आणि बकुळच्या तोंडून निघालेली किंकाळी अगदी शांतपणे ऐकून घेतली.

“कार्ड चलेगा,” गीता म्हणाली. “पण कागदावर दवाखान्याची मोहर हवी आणि दोन्हीकडे नाव एकच हवं. नाहीतर माझंच नाव यादीतून जाईल.” मग तिने बकुळला भिंतीशी उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला शिकवलं, एकेक बोट, एकेक इंच. “भिंत तुम्हाला खांद्यापर्यंत नेईल, दीदी. त्याच्या वर माझे हात लागतात. महिना असाच गेला ना, तर माझे हातही काही करू शकणार नाहीत.”

खिडकीतला बाबू मोहर देईना, तो या दोन नावांपायी. “शपथपत्र लाइए,” एवढंच त्याचं पालुपद.

वासुदेव लगेच वकिलाकडे जाऊन कागद टाइप करून घेऊन आला. बिचारा मनाने चांगला, पण भांडण म्हटलं की तो चार हात लांब राहायचा. बकुळने कागद वाचला. ‘मी बकुळ हे नाव कायमचे सोडले असून त्याच्याशी माझा काही संबंध नाही,’ असा त्याचा अर्थ होता.

“यावर मी सही करणार नाही,” ती म्हणाली.

“अगं, वकिलाची भाषा आहे ती. नावात काय एवढं?”

“मग तुम्ही सोडा तुमचं.”

वासुदेवाने कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

“तेवीस वर्षं काम केलं ते बकुळने. हप्ते कापले गेले ते बकुळचे. तिच्याशी संबंध नाही म्हणू? ताम्हणात तांदूळ पसरले तेव्हा मला कोणी विचारलं होतं का, की बाई, हे नाव चालेल का? तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसणार.”

“सही केलीस तर उद्या इलाज सुरू होईल, शरदिनी. दिवस किती राहिलेत बघ.”

दिवस किती राहिलेत ते तिला पाठ होतं. रात्री खांदा ठणकायला लागला की ते एकामागून एक डोळ्यांपुढे यायचे. तरी तिने सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली, बाबूच्या खिडकीशेजारची भिंत निवडली आणि बोटांनी चढू लागली. जिथे हात थांबला तिथे पेन्सिलीने रेघ मारली.

“ये क्या हो रहा है?” बाबू ओरडला.

“इलाज,” बकुळ म्हणाली. “आप डॉक्टर नहीं देते, तो आपकी दीवार से करवा रही हूँ.”

“सरकारी दीवार है!”

“कार्डही सरकारी आहे,” ती मराठीतच पुटपुटली आणि पुन्हा खालपासून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशीही ती आली, तिसऱ्या दिवशीही. पावरलूमवर काम करणारा, मान आखडलेला एक म्हातारा तिच्या शेजारी उभा राहून मान फिरवायला लागला. साबणाच्या कारखान्यातल्या दोघी बाकावर बसून गुडघे सरळ करू लागल्या. चौकीदाराला हटकायला पाठवलं, तर तोच विचारायला लागला की कंबरेसाठी काही आहे का. पाचव्या दिवशी रेघ खांद्याला टेकली आणि तिथेच अडली. मार्गशीर्षातल्या थंडीत बकुळच्या कपाळावरून घाम गळत होता, पण बोट वर जात नव्हतं.

त्याच वेळी वासुदेव आला. ते शपथपत्र त्याच्या खिशात होतं.

बाबूला हायसं वाटलं. “आइए पंडितजी, आप ही समझाइए इनको.”

वासुदेवाने बायकोकडे पाहिलं. तिची बोटं त्या रेघेशी अडली होती आणि ओठ दाताखाली होता. मग तो खिडकीशी गेला, शपथपत्र पालथं घातलं आणि कोऱ्या बाजूवर लिहू लागला. लिहून झाल्यावर बाबूपुढे न सरकवता त्याने ते मोठ्याने वाचलं. पाठशाळेत वाचायची सवय, आवाज पार व्हरांड्यापर्यंत गेला.

“इनका नाम बकुल है. जन्म से है. शरदिनी नाम मैंने रखा, इनसे पूछे बिना. अस्पताल में घबराकर वही लिखवाया. ग़लती मेरी है, इनकी नहीं. हाथ इन्हीं का है.”

अठरा वर्षांत त्याच्या तोंडून ते नाव तिने पहिल्यांदा ऐकलं. तिला रडू आलं, आणि इतक्या लोकांत रडू आलं याचा रागही आला. तिने भिंतीवरची बोटं काढली नाहीत.

“ऐसे नहीं चलेगा,” बाबू म्हणाला. “गवाह चाहिए.”

“कितने?” पावरलूमच्या म्हाताऱ्याने विचारलं.

बाबू रजिस्टर चाळू लागला. आतून डॉक्टर बाहेर आला होता, तो म्हणाला, “दो कार्डवाले काफ़ी हैं. नियम है. आपको मालूम तो है.”

मालूम होतं! म्हणजे पहिल्या दिवसापासून मालूम होतं. बकुळच्या जिभेवर काय काय आलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. ते बोलायची गरज पडली नाही, कारण तोवर खिडकीशी सह्यांची झुंबड उडाली होती. दोन हव्या होत्या, अकरा झाल्या. बाबूने मोहर एवढ्या जोरात मारली की शाईची बाटली कलंडली.

त्यानंतर पाच आठवडे रामनगर. एक दिवसाआड होडी, गिरणी आणि गीताची मनगटं. पहिल्याच दिवशी गीताने विचारलं, “दीदी, रजिस्टर में क्या लिखूँ?”

“बकुल. और मैं चिल्लाऊँ तो रुकना मत.”

ती किंचाळली आणि गीता थांबली नाही.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी ती छापखान्यात केससमोर उभी राहिली. दिनानाथ बाबू हात मागे बांधून बघत होते, यंत्रावरची माणसंही काम सोडून आली होती. हात खांद्याच्या वर गेला, कानाजवळ गेला आणि तिथे अडखळला. ती चवड्यांवर उचलली गेली. कळ थेट पाठीतून खाली उतरली, डोळ्यांतून पाणी आलं. तिने वरच्या खणातून एक जोडाक्षर उचललं, खाली आणलं आणि ओळ जुळवायच्या पट्टीत बसवलं.

“बहुत दर्द है?” दिनानाथ बाबूंनी हळूच विचारलं.

“है,” बकुळ म्हणाली. “कॉपी दीजिए.”