साठ खांबांचं टोपडं

दिवाळीपर्यंत दीपमालाच्या हातून दहा वस्तू पुऱ्या झाल्या होत्या आणि अकरावी अर्धी होती. आईला, म्हणजे मालनबाईला, मफलर एक. भाऊ विलासला मोबाइलची पिशवी एक. वहिनीला ताटावर झाकायचे रुमाल चार. दाराचं तोरण एक, तेही डाव्या अंगाला दोन बोटं लांब झालेलं. दवाखान्यातल्या सरस्वतीबाई सिस्टरांना चष्म्याचं घर एक. विलासच्या मुलीला, संबोधीला, पायमोज्यांचा जोड एक आणि टोपडं एक. अर्धा राहिला तो स्वतःचा स्वेटर.

दीपमाला बीएस्सी झालेली. केजच्या दवाखान्यात कंत्राटावर रक्त तपासायचं काम करत होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखालच्या चौकटींत पेशी मोजायच्या. त्यामुळे सरस्वतीबाईंनी जेवणाच्या सुट्टीत तिच्या हातात क्रोशाची सुई दिली, तेव्हा साखळी कशी घालायची याआधी तिने विचारलं होतं, की एका फेरीत खांब, म्हणजे उभे टाके, किती. सरस्वतीबाई हसून म्हणाल्या होत्या, की ही पोरगी नवऱ्याला सुद्धा मोजून घेणार. पण शिष्या चिवट निघाली. प्रत्येक वस्तूची नोंद ती वहीत ठेवायची. टोपड्याची नोंद अशी होती:

पांढरी लोकर, निळा काठ. दर फेरीला बारा खांब वाढवत पाचव्या फेरीत साठ. पुढे सरळ आठ फेऱ्या. घेर ३४ सेंटीमीटर. ५ सेंटीमीटरमध्ये ९ खांब. चूक: काठाच्या शेवटच्या फेरीत एका टाक्यात दोन खांब. उसवलं नाही.

उसवलं नाही, कारण तेवढ्यात विलासचा फोन आला होता, की मुलगी झाली. चुकीसकट टोपडं संबोधीच्या डोक्यावर गेलं. तिसऱ्या महिन्यात ते तिला घट्ट व्हायला लागलं, तेव्हा मालनबाईने धुऊन पेटीत ठेवलं. निदान दीपमालाला तसं ठाऊक होतं.

जानेवारीत पोलिओच्या डोसाचा रविवार आला. दीपमाला सुट्टीला गावी आली होती आणि अंगणवाडीच्या अंजनाताईंना मदतीला बसली होती. अंजनाताई दोन थेंब पाजायच्या, दीपमाला डाव्या करंगळीवर शाईची खूण करायची. एक्केचाळीस लेकरं झाली. बेचाळिसावं आलं राधाकिशनरावांच्या घरचं. मालनबाई वीस वर्षं ज्यांच्या रानात खुरपायला जात होती, ते घर. त्यांची सून प्रियदर्शनी दोन महिन्यांचा मुलगा छातीशी धरून उभी होती आणि मुलाच्या डोक्यावर पांढरं टोपडं होतं, निळ्या काठाचं.

निळा काठ कुणीही घालतं, असं दीपमालाने स्वतःला सांगितलं. करंगळी धरली, खूण केली. मग वर सरकलेलं टोपडं सारखं करण्याचं निमित्त करून तिने काठावर तर्जनी आडवी टेकवली. डाव्या कानाच्या वर एका टाक्यात दोन खांब होते.

तिच्या हातातलं शाईचं पेन खाली पडलं. अंजनाताईंनी ते उचलून दिलं आणि विचारलं, की बरं वाटत नाही का. पुढच्या तीन पोरांच्या करंगळ्यांऐवजी अंगठ्यांवर खुणा झाल्या. ज्या घरी मालनबाईला आजही ओसरीच्या पायरीवर वेगळ्या कपात चहा मिळतो, त्या घराच्या नातवाच्या डोक्यावर आपल्या हातचं, आपल्या संबोधीचं उतरलेलं टोपडं. तिला वाटलं, पेटी फुटली. चोरी झाली. दुसरं काही सुचेना.

घरी मालनबाई सुपात तूर पाखडत होती.

"माय, संबोधीचं टोपडं कुठंय?"

"हाय की पेटीत."

"पेटीत नाही. मी आत्ता त्याला हात लावून आले."

सूप थांबलं. मालनबाईने पदराने तोंड पुसलं आणि मग हळूहळू सगळं सांगितलं. राधाकिशनरावांच्या घरची दोन नातवंडं आधी गेली होती; एक नवव्या दिवशी, एक तीन आठवड्यांचं होऊन. तिसऱ्याच्या वेळी त्यांची बायको सत्यभामाबाई स्वतः बांधावर आल्या होत्या, गडी न पाठवता. तुझ्या नातीच्या अंगावरचं एखादं उतरलेलं दे म्हणाल्या.

तान्ह्याला पहिलं कापड जुनं घालतात, हे दीपमालाला नवं नव्हतं. जुनं कापड मऊ असतं, त्यात काही वाईट नाही. पण वरच्या आळीला त्यांची चाळीस घरांची भावकी होती, आणि पोरांचा तिथे काही दुष्काळ नव्हता.

"मग आपलंच कावून?" तिने विचारलं.

मालनबाईने सुपातला एक खडा वेचून लांब टाकला. "तुझ्या आज्याचं नाव कचरू कावून होतं, ठाऊक हाय ना?"

ठाऊक होतं. कचरूआजाच्या आधीचे दोन भाऊ गेले होते. म्हणून त्याला पाचव्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने ओंजळभर जोंधळ्याला विकत घेतल्यासारखं करून परत आणलं. हे तर कचऱ्यातलं, कुणाच्या कामाचं नाही, असं समजून सटवाईने सोडून द्यावं म्हणून. तेव्हा सगळ्याच जातींत करत. घरात बुद्धवंदना सुरू झाल्यावर आजानेच हा किस्सा हसून सांगायला सुरुवात केली होती.

"आता उकिरड्यावर कोण ठेवतंय बाई लेकराला," मालनबाई म्हणाली. "म्हनून मग..."

पुढचं तिने सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. दीपमालाने पिशवीतून वही काढली. साठ खांब, तेरा फेऱ्या, काठ निराळा. नऊ संध्याकाळी लागल्या होत्या त्याला.

"म्हणजे त्यांचा उकिरडा आपलं घर," ती म्हणाली. "आणि तू दिलंस."

"मला कळलं न्हाई व्हय? कळूनच दिलं. दोन गेली तिची. बांधावर लेकरू मागायला आल्यावानी उभी होती ती बाई. त्या टोपड्यानं जगत असंल, तर जगू दे की."

दीपमालाला आईचा राग आला. तिने वही उघडली. टोपड्याच्या नोंदीखाली 'परत आणणे' असं लिहायचं होतं. 'परत' लिहिलं आणि वरच्या ओळीवर नजर गेली. ५ सेंटीमीटरमध्ये ९ खांब.

तर्जनीची टोकाकडची दोन पेरं म्हणजे पाच सेंटीमीटर, हे तिने क्रोशा शिकताना पहिल्याच आठवड्यात मोजून ठेवलं होतं. सकाळी तेच बोट काठावर टेकलं होतं, आणि बोटाने सवयीप्रमाणे मोजलंही होतं. त्या धक्क्यात आकडा मनाच्या कडेला पडून राहिला होता, तो आता पुढे आला. नऊ नव्हते. दोन महिन्यांच्या मुलाचं डोकं वाढलेलं असणार, टोपडं ताणणारच, म्हणून आठच्या आसपास हवे होते. ते सातही पुरते नव्हते. खांबांच्या मधून कातडी दिसत होती.

तिने साठ खांबांचा हिशेब मांडला. घेर त्रेचाळीसच्या वर येत होता; खोडलं, पुन्हा मांडलं. लोकर धुऊन सैल झाली असेल, बोट वाकडं टेकलं असेल. तेवढी चूक धरून सुद्धा आकडा खाली येईना. मोबाइलवर वाढीचा तक्ता उघडला. दोन महिन्यांचा मुलगा, डोक्याचा घेर: सरासरी एकोणचाळीस, वरची हद्द साडेएक्केचाळीस. आणि मग तिला थेंब पाजतानाचे त्याचे डोळे आठवले. बुबुळं खालच्या पापणीत उतरलेली, वर पांढरं दिसणारं. तिला वाटलं होतं, झोपेत आहे.

सकाळपासूनचा सगळा अपमान एका क्षणात बाजूला सरला आणि त्या जागी नुसती भीती उरली. तिने टेप उचलला, स्टीलच्या पट्टीला लावून तपासला आणि चपला घातल्या.

"टोपडं मागू नगं," मागून मालनबाई म्हणाली.

"टोपडं नाही मागत."

सत्यभामाबाई ओसरीवरच होत्या. दीपमालाला पाहताच त्यांचा चेहरा उतरला. बाळ सव्वातीन महिन्यांचं होईपर्यंत टोपडं डोक्यावर ठेवायचंय, मग धुऊन, वर नवं लुगडं ठेवून पाठवीन, असं त्या आपणहून सांगायला लागल्या. दीपमालाने सांगितलं, की टोपडं राहू दे, मला बाळाचं डोकं मोजायचंय. दवाखान्याच्या कार्डावर डोक्याच्या घेराचा रकाना आहे, तो भरलाय का?

भरलेला नव्हता. टोपडं चारचौघांत काढायचं नाही असं घरच्यांनी सांगितल्यामुळे तो तपासणीच्या दोन्ही वेळा कोरा राहिला होता. अंघोळीला ते सत्यभामाबाई स्वतः काढत, दार लावून. डोकं मोठं आहे हे त्यांनी पाहिलं होतं. आज्यावर गेलंय, त्यांच्या मापाचा फेटा बाजारात मिळत नाही, असं त्या कौतुकाने म्हणाल्या.

"पन बाहेरचा हात लावायचा न्हाई त्याला," त्यांनी पुढे सांगितलं.

"टोपडं चाललं काकू. हात चालत नाही का?"

सत्यभामाबाईंनी मान खाली घातली. अंगणात कोंबडी माती उकरत होती. आतल्या दारात प्रियदर्शनी मुलाला घेऊन कधीची उभी होती.

"ह्याचे डोळे सारखे खालीच का असतात?" तिने सासूकडे एकदा पाहून दीपमालाला विचारलं. "परवापासून उलट्याही करतोय. आत्या म्हणतात, दूध जास्त होतंय."

दीपमालाने शक्य तितकं सोपं करून सांगितलं. कधी कधी कवटीच्या आत पाणी साठत जातं आणि डोकं वाढायला लागतं. लवकर कळलं, तर ऑपरेशन करून त्या पाण्याला वाट काढून देता येते. उशीर झाला, तर मेंदू दबतो. आपण डॉक्टर नाही, आपला अंदाज चुकीचा असू शकतो, हेही तिने सांगितलं. म्हणून तर मोजायचं.

"साडेएक्केचाळीसच्या आत आलं, तर मी तुमची माफी मागून जाईन, वहिनी. वर गेलं, तर आजच गाडी काढायची. उद्यावर टाकायचं नाही."

"सव्वातीन महिने व्हऊ द्या गं," सत्यभामाबाई म्हणाल्या. आवाजात हुकूम राहिला नव्हता. "दोन गेलेत. आता तरी मोडता घालू नका."

"पहिल्या दोघांचं कुणी काहीच मोजलं नव्हतं, आत्या," प्रियदर्शनी सासूला म्हणाली आणि तिने स्वतःच्या हाताने टोपडं काढून खांद्यावर टाकलं.

काठाचे वळ कपाळावर उमटले होते, एकेक खांब मोजता यावा इतके स्पष्ट. टाळू आत बसलेली असायला हवी, ती वर आलेली होती. कानशिलांवरच्या शिरा निळ्या दिसत होत्या. प्रियदर्शनीने मुलाला दोन्ही हातांनी नीट धरलं. सत्यभामाबाईंनी उतरलेलं टोपडं तिच्या खांद्यावरून घेतलं आणि दोन्ही मुठींत आवळलं.

दीपमालाने टेप भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवला. खात्रीसाठी काढून पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. ओसरीच्या पायरीवर वही ठेवून तिने लिहिलं.

पहिलं माप ४४.१. दुसरं ४३.९. तिसरं ४४.०.

सरासरी ४४.० सेंटीमीटर.