निळा स्टिकर

"आधी घरी जाऊन डबा उघडा, आतल्या बोर्डाचा फोटो काढून आणा. मग सांगतो कुठला प्रोसेसर बसेल ते."

"उघडायचं काय त्यात? निळ्या कंपनीचा आहे. डब्यावर स्टिकर आहे तसा."

"कॉम्प्युटर स्टिकरवर चालत नाही, काका."

"मी तुझा काका नाही," नेव्हिल म्हणाला. "आणि माझ्या घरात काय आहे ते तू मला शिकवू नकोस."

काउंटरमागच्या लॅक्लनने नाकातली रिंग चाचपली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शनिवार होता, बाराला दुकान बंद व्हायचं होतं आणि हा म्हातारा अर्धा तास हुज्जत घालत होता. तरी त्याने पुन्हा एकदा समजावून पाहिलं. जुन्या मशीनमध्ये नवा प्रोसेसर कुठलाही बसत नाही, ज्याचा त्याचा बोर्ड ठरलेला असतो. स्वस्तात काम भागवायचं असेल तर लाल कंपनीचा जुना माल चांगला मिळेल, पण त्याला बोर्डही लाल लागेल.

"लाल माझ्या घरात येत नाही," नेव्हिलने त्याला मध्येच तोडलं. "निळा दे. स्वस्तातला. बस."

"उघडलेला माल परत घेत नाही मी."

"परत कोण येतंय तुझ्याकडे!"

नेव्हिल ट्रेगियरने ऑस्ट्रेलियातल्या होर्शम गावी एका टायरच्या दुकानात उभी हयात काढली होती. या गावात माणूस एकतर निळ्या फोर्ड गाडीचा असतो नाहीतर लाल होल्डनचा. पोराचा बाप्तिस्मा नंतर होतो, त्याची गाडी आधी ठरते. ट्रेगियर फोर्डवाले, म्हणजे निळे. प्रोसेसर बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांपैकी एक निळी आणि एक लाल आहे, एवढं कळल्यावर नेव्हिलला त्या विषयात आणखी काही समजून घ्यायची गरज वाटली नव्हती.

त्याचा मुलगा ग्रँट एकोणीस वर्षांचा असताना एक जुनी लाल होल्डन घेऊन दारात आला. नेव्हिल अंगणात उभा राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडला होता, "हे धूड माझ्या फाटकाच्या आत नको!" गाडी सगळा हिवाळा रस्त्यावर उभी राहिली. मग एके दिवशी ग्रँट तिच्यात सामान भरून दूर पश्चिमेला, कॅलगुर्लीच्या खाणीवर निघून गेला. आईच्या ऑपरेशनला आला तेव्हाही मोटेलात उतरला. आता दोन्ही गाड्यांचे इथले कारखाने कधीचे बंद पडले होते. भांडण मात्र चालू होतं.

उरला होता शनिवार संध्याकाळचा एक तास. कॉम्प्युटरवर मोटारशर्यतीचा एक खेळ होता, त्यात ग्रँट तिकडून होल्डन पळवायचा आणि नेव्हिल इकडून फोर्ड. कानाला हेडफोन लावून दोघं एकमेकांना शिव्या घालायचे. "आंधळ्या, ब्रेक कुठाय तुझा?" "म्हाताऱ्या, बाजूला हो, रस्ता तुझ्या बापाचा नाही." शिव्याच होत्या, पण बापाला घातलेल्या होत्या. बाकीचे सहा दिवस नेव्हिलच्या वाट्याला त्याही येत नव्हत्या.

गेल्या शनिवारी ग्रँट म्हणाला, "पुढच्या वेळेपासून खेळाची नवी आवृत्ती. तुझ्या खटाऱ्यावर चालायची नाही. माझं जुनं मशीन पाठवू का?"

"तुझी भीक नको मला."

"मग प्रोसेसर तरी बदल. नाहीतर राहू दे."

ते 'राहू दे' नेव्हिलला आठवडाभर टोचत होतं. भांडताना पोराचा आवाज चढायचा, पण 'राहू दे' तो अगदी सहज म्हणाला होता.

घरी आल्यावर नेव्हिलने कॉम्प्युटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवा पाडला. जॉइस भोपळा चिरत होती. तिने सुरी थांबवून विचारलं, "दुकानवाल्याला नीट विचारलंस ना?"

"त्याला काय कळतंय? नथ घालतो."

"नेव्ह, ग्रँटला फोन कर. त्याने जोडलाय हा, त्याला माहीत असेल आत काय आहे."

"मलाही माहीत आहे."

जॉइसने डब्यावरच्या निळ्या स्टिकरकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भोपळा चिरू लागली.

प्रोसेसरवर पंख्यासह एक धातूचा ठोकळा बसवलेला होता. स्क्रू निघाले, ठोकळा निघेना. तो गरम करून, हळूच पिळून सोडवायचा असतो. पण नेव्हिलने अडलेलं चाक जन्मभर लाथ घालूनच काढलं होतं. इथे लाथ घालता येईना, म्हणून त्याने दोन्ही हातांनी धरून जोरात हिसडा दिला. ठोकळा निघाला आणि त्याच्या बुडाला चिकटून जुना प्रोसेसरही उपटून आला. त्याच्या पोटाला बारीक पिना होत्या, गवतासारख्या दाट. एका कडेच्या पिना सपशेल आडव्या झाल्या होत्या.

"गेला तर गेला. जुनाच आहे," म्हणत त्याने नवा उघडला. नव्याचं पोट सपाट होतं, एकही पीन नाही. बोर्डावर मात्र भोकंच भोकं. त्याने नवा उलटासुलटा करून पाहिला आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"चुकीचा दिला! त्या नथवाल्याने मुद्दाम चुकीचा दिला मला!" त्याने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. "बघतोच आता त्याच्याकडे."

"दुकान बंद झालंय. बस खाली."

"जॉइस, मध्ये पडू नकोस."

"बस म्हटलं ना!" तिने सुरी आपटली. "त्याने बरोबर दिलाय. तू चुकीचा मागितलास."

नेव्हिल बसला. तिने ओट्यावरचं फडकं त्याच्यापुढे टाकलं. "पूस तो जुना."

नेव्हिलने जुना प्रोसेसर ठोकळ्यापासून सोडवला. मधली वाळलेली करडी पेस्ट पुसली गेली तशी खालून अक्षरं दिसू लागली. नाव लाल कंपनीचं होतं.

नेव्हिलने ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

"दहा वर्षं," नेव्हिल अखेर म्हणाला. "दहा वर्षं दोघांनी मिळून मला गाढव बनवलंत."

"तू आम्हाला दुसरं काय करू दिलंस? तुला कॉम्प्युटर हवा होता. पोरगा सतरा वर्षांचा, महिनाभर दुकानं पालथी घालत होता. तू दिलेल्या पैशांत धड चालेल असा हाच मिळत होता. निळा घेतला असता तर वर्षात रडला असता. आणि तुझं आपलं एकच, लाल माझ्या घरात येत नाही!"

"आणि हा स्टिकर?"

"शाळेच्या ऑफिसात मी साफसफाईला जायचे, तिथे एक मेलेला कॉम्प्युटर पडला होता. त्याच्यावरून मी नखाने सोडवून आणला."

"हसला असेल कार्टा. चिकटवताना हसला असेल मला."

"नाही हसला." जॉइसने पुन्हा भोपळा हातात घेतला. "सरळ लागलाय का, ते लांब जाऊन तीनदा बघितलं त्याने. म्हणाला, आता बाबा वापरेल."

नेव्हिल ओरडला. तिच्यावर, दुकानवाल्यावर, दोन्ही कंपन्यांवर, इथून निघून जाणाऱ्या सगळ्या पोरांवर ओरडला. अंगणात जाऊन एक बादली लाथाडून आला. जॉइसने भोपळा शिजायला टाकला.

संध्याकाळी फोन वाजला. जॉइसने उचलला.

"कुठाय म्हातारा?" ग्रँटचा आवाज चढलेला होता. "पाऊण तास वाट बघतोय. बंद पडलं ना मशीन शेवटी? सांगितलं होतं, पण ऐकेल तर शपथ!"

"पडलंय."

"मग हा करतोय काय?"

जॉइसने खिडकीकडे पाहिलं. उजेड होता तिथे खुर्ची ओढून नेव्हिल बसला होता. एकावर एक दोन चष्मे चढवलेले, हातात तिची शिवणाची सुई. टायर उचलून राठ झालेल्या बोटांनी तो एकेक पीन उभी करत होता. आडवी झालेली ओळ अर्ध्याच्या वर सरळ झाली होती. हा नीट झाला तरी नवा खेळ यावर चालायचा नाही, हे तिने दुपारीच सांगितलं होतं. "माहीत आहे," एवढंच तो म्हणाला होता.

"तू बसवलेला प्रोसेसर सरळ करतोय," ती म्हणाली.

तिकडे कॅलगुर्लीत ग्रँटने शर्यतीचा आवाज बंद केला.

"कळलं त्याला?"

"कळलं."

"ओरडला?"

"बादली फुटली."

ग्रँट खाकरून म्हणाला, "जोर लावू नको म्हणावं त्याला. त्या पिना तुटतात."

"जोर लावू नको म्हणतोय," जॉइसने खिडकीकडे तोंड करून सांगितलं. "तुटतात."

"मला शिकवू नको म्हणावं!" नेव्हिल मान वर न करता खेकसला.

पण सुई त्याने जरा हलकी धरली.