मुकादमाचा अळणी खाऊ

"सूनबाई, मीठ राहिलं."

"राहिलं नाही बाबा. घालायचंच नाही."

सून नाकाला रुमाल बांधून ओट्यापाशी उभी होती. कोंबडीची चरबी काढायची, कुठे बारीकसं हाड राहिलं नाही ना ते बोटांनी चाचपायचं आणि पातळ काप करून ताटात मांडायचे, असं तिचं चाललं होतं. दारात उभा राहून आचारी तिच्या हातांवर नजर ठेवून होता. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभा जन्म चुलीपुढे गेलेला हा माणूस. निवृत्त झाला तरी सगळे त्याला आचारीच म्हणत.

"बरं, लसणाची एखादी पाकळी?"

"कुत्र्यांना कांदा-लसूण चालत नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. नीट शिजवायचं, ओव्हनमध्ये सुकवायचं, संपलं."

"कॅन्टीनच्या मागच्या दारी हा माझ्याच पातेल्यातला रस्सा चाटून मोठा झाला. मेला का?"

सुनेने पुढचा काप ताटात मांडला. मुकादम टेबलाखाली पाय पसरून पडला होता. कॅन्टीनमध्ये असताना तो रोज दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर देखरेख करायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम. आचारी निवृत्त झाला तेव्हा बाकीच्यांनी त्याला घड्याळ दिलं. ते त्याने कपाटात टाकलं आणि कुत्रा घरी आणला.

आता आचाऱ्याच्या डोक्यात भुंगा शिरला होता. जी बाई लग्न होऊन आली तेव्हा "कुत्रा जिन्यात बांधा" म्हणाली, जी स्वतः मांसाला शिवत नाही, घरात अंडं उकडलं तरी खिडक्या सताड उघडते, ती सुट्टीच्या दिवशी नाक बांधून कुत्र्यासाठी कोंबडी चिरते? एकाएकी एवढा पुळका? कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला गेली की तो फ्रिजमधला त्या खाऊचा डबा काढायचा. एक काप उजेडात धरायचा, हुंगायचा, मग दाताने तुकडा तोडून सावकाश चावायचा आणि उरलेला काप परत डब्यात ठेवायचा. औषध नाही, कडवटपणा नाही. काहीच नाही, चवसुद्धा नाही. तेच तर त्याला खटकलं. चार दिवस असलं अळणी खाल्लं तर धडधाकट माणूस अंथरूण धरेल, हा तर म्हातारा कुत्रा. अन्नावरची वासना उडेल, झिजेल, आणि मग ही गोड आवाजात म्हणेल, आता त्याचे हाल बघवत नाहीत, सोडून येऊ कुठेतरी. मुलगा बायकोच्या शब्दाबाहेर नाही. म्हणजे मुकादमाचे घरातले दिवस भरलेच.

मुकादम ते काप खायचा, पण वेठीला धरल्यासारखा. शेवटी आचाऱ्याने आपला उपाय काढला. तुपात भरपूर कांदा आणि लसूण लालसर परतायचा, वर चिमूटभर मीठ टाकायचं आणि काप त्यात घोळवायचे. पहिल्याच दिवशी मुकादम मागच्या पायांवर उभा राहिला. बशी चाटून चाटून भिंतीपर्यंत नेली.

"याला म्हणतात खाऊ," आचारी त्याला म्हणाला. "तिला काय कळतंय."

डबा भराभर रिकामा व्हायला लागला. "बाबा, आवडतंय हो त्याला," सून हरखून म्हणायची आणि नवी कोंबडी आणायची. तिचा आनंद बघून याचा संशय आणखीच वाढायचा.

मग एका सकाळी मुकादम उठलाच नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळ्या चहासारखी. साधला हिने डाव, एवढंच आचाऱ्याच्या मनात आलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत त्याने सुनेकडे बोट केलं. "हिला विचारा काय चारते ते."

सुनेचा चेहरा उतरला. तिने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "याच्या तांबड्या पेशी फुटताहेत. कांदा किंवा लसूण गेलाय पोटात, आणि थोडाथोडका नाही."

"शक्यच नाही, मी तर..." सून बोलता बोलता थांबली. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाकघरात परतलेल्या कांद्याचा वास यायचा. बाबा ऑम्लेट करून खात असतील, असं तिला वाटायचं. तिने सासऱ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "सुरीला लागला असेल. माझंच लक्ष नसेल."

"सुरीला लागलेल्याने एवढं होत नाही."

आचाऱ्याला गप्प बसता आलं असतं. वाट तिनेच करून दिली होती.

"मी घालत होतो," तो म्हणाला. "तुपात परतून. रोज."

मुकादमाला सलाईन लावलं. दोघं बाहेर बाकावर बसली.

"मला वाटलं, तू त्याला संपवायला निघालीस."

"माहीत होतं. कापावर तुमच्या दातांचे व्रण असायचे. म्हटलं, चाखा. अळणी कोंबडीने काही होत नाही."

"मग एवढं कशासाठी करत होतीस?"

"मी तापाने फणफणले होते ना, तुम्ही बापलेक बाहेरगावी होतात तेव्हा. तो माझ्या दारातून हलला नव्हता. पाणीसुद्धा प्यायला नाही. मला भीती वाटते हो कुत्र्यांची, अजून वाटते. पण तो मला हवाय."

आचाऱ्याला तिच्याकडे बघवेना. आपली इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

मुकादम वाचला. घरी आला तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. "आता खाल्लं तरच उभा राहील," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सुनेने डब्यातला ताजा काप त्याच्यापुढे धरला. त्याने हुंगला आणि तोंड फिरवलं. लटपटत आचाऱ्यापाशी आला, त्याच्या तळहातात नाक खुपसलं, बोटं चाटली आणि शेपटी हलवत वर बघत राहिला.

"खा रे बाबा, तिच्या हातचं खा."

तो हलेना. सुनेने पुन्हा काप पुढे केला. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"मी इथे आहे तोवर तो खायचा नाही," आचारी म्हणाला. त्याने मुकादमाची मान हळूच बाजूला सारली, चपला घातल्या आणि बाहेर जिन्यात जाऊन दार ओढून घेतलं.

आतून नखांनी दार खरवडल्याचा आवाज आला. मग कुईकुई सुरू झाली. आचारी पायरीवर बसला. खालच्या मजल्यावरचा शिंपी जिना चढत होता. "काय आचारी, घरातून हाकललं की काय?" म्हणाला. आचाऱ्याने त्याला हाताने गप्प केलं आणि दाराला कान लावला. खरवडणं बराच वेळ चाललं, हळूहळू थांबलं. सुनेचा लाडीगोडीचा आवाज आला. मग कोरडा काप कुरकुर चावल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने आणखी एक.

"बाबा, या आत," सुनेने हाक मारली. "खातोय तो."

"खाऊ दे," आचारी म्हणाला. "संपेपर्यंत बसतो मी इथेच."